शेजारच्या सीटवरची आत्या

विनोदी सिनेमात एक माणूस हमखास असतो. मुख्य पात्र कुठल्याशा महत्त्वाच्या कामाला निघालेलं असतं, आणि हा त्याच्या शेजारी येऊन बसतो. बसतो तो उठतच नाही. खातो, खायला घालतो, नको ते विचारतो, सगळ्यांसमोर लाज काढतो. पाहणारा पहिली दहा मिनिटं त्याला वैतागतो आणि शेवटी त्याच्याशिवाय त्या प्रवासाची कल्पनाही करू शकत नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाच जणांनी मिळून बारा मिनिटांचा सिनेमा करायचं ठरवलं, तेव्हा असं एक पात्र आपल्याला हवंच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं मला धाडस नव्हतं आणि कॅमेऱ्यामागचं काही येत नव्हतं, म्हणून.

ते पात्र शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. ती माझी आत्या होती.

जुन्या हुबळीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. आजोबा मिरजेकडून आले तेव्हापासूनचं. दुकान अप्पा बघतात, पण बांगड्या भरायला आत्याच लागते. ती दोन गल्ल्या सोडून राहते. तिचे यजमान तारिहाळच्या एका कारखान्यात फिटर आहेत, फार कमी बोलतात. घरातलं दोघांच्या वाटणीचं बोलणं आत्या करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी धारवाडला कॉलेजात नाव घातलं तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं, की रोज जाणार कशी. मी म्हटलं, बसनं. तोवर आत्या चप्पल घालून तयार होती. मला सोडून ती तिकडच्या दोन-तीन घरी बांगड्या भरून येणार होती. दोन-चार दिवस, म्हणाली. त्याला आता तीन वर्षं होतील. रोज नाही, पण मंगळवार-शुक्रवार तिची माझ्या शेजारची जागा ठरलेली आहे.

आत्याबरोबर प्रवास करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. ती आधी समोरच्या बाईचे हात बघते, मग तोंड. हात बघून तिला कळतं की माप दोन-चारचं की दोन-सहाचं, हे काम घरचं करतात की शेतातलं, आणि शेवटच्या बांगड्या कधी भरल्या. मग ती सुरू होते. कुठलं गाव, कुठल्या घरच्या, माहेर कुठलं, सासू आहे का, सासू बरी आहे का. मराठीत सुरू करते, उत्तर कन्नडमध्ये आलं की तिथल्या तिथे कन्नडमध्ये जाते, आणि मधेच आठवण झाली की माझ्याकडे वळून मराठीत ओरडते, डबा सरळ धर, रस्सा सांडंल. पहिल्या आठवड्यात तिने अख्ख्या बसला सांगितलं की माझ्या भाचीला बस लागते, कुणाकडे लिंबू आहे का. तीन लिंबं आली. एक तर मागच्या सीटवरून हातोहात पास होत आलं. मला तोवर काही होत नव्हतं. त्या लिंबांकडे बघून व्हायला लागलं.

आणखी एकदा गर्दीत तिने आपली बांगड्यांची पिशवी एका उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातात दिली. "अण्णा, जरा धरा, काच आहे, हलवू नका," असं कन्नडमध्ये बजावलं, आणि स्वतः मोकळ्या हातांनी गप्पा मारत राहिली. ते गृहस्थ आम्हाला पहिल्या वर्षाला इतिहास शिकवायचे. त्यांनी वाटेतल्या रायापूरपर्यंत पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली. पुढे वर्षभर हजेरी घेताना माझा नंबर आला की ते किंचित थांबायचे. मी मान वर करायची नाही.

हे सगळं मी लिहून काढलं. लिहायला मला कधी इतकं सोपं गेलेलं नाही. कथा साधी होती. एक मुलगी हुबळीहून धारवाडला नोकरीच्या मुलाखतीला निघाली आहे, पहिलीच मुलाखत, घाबरलेली. शेजारी एक बांगड्या भरणारी बाई येऊन बसते आणि मुलीचे रिकामे हात बघून हादरते. असे हात घेऊन कुणी चांगल्या कामाला जातं का, म्हणते. आणि बस धारवाडला पोचायच्या आत दोन्ही हात भरूनच सोडते. सगळं हुबळीच्या कन्नडमध्ये. आमच्यात दिग्दर्शन करणारा मुलगा धारवाडचा, वकिलांच्या घरातला, मराठीच. त्याने वाचलं आणि हसून हसून वही मिटली. ही बाई तुला सुचली कुठून, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, बसमध्ये बघितली होती. खोटं नव्हतं. पण मी खरंही सांगितलं नाही, आणि आत्याला तर काहीच सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एक भीती होती. आत्याला हे कळलं तर तिला काय वाटेल? जी बाई मला कॉलेजला पोचवायला तीन वर्षं बसमध्ये बसली, तिची मी लोकांना हसण्यासाठी नक्कल केली. ती माझ्याशी बोलायची थांबली तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. तिच्या न बोलण्याचा मला कधी अनुभवच आलेला नव्हता.

कॉलेजची बस मैदानात उभी करून आम्ही एका रविवारी पहिलं शूटिंग केलं. खिडकीबाहेर दोघं जण झाडाच्या फांद्या घेऊन पळत होते, बस चालते आहे असं वाटावं म्हणून. बांगडीवालीचं काम आमच्या वर्गातली एक मुलगी करत होती. बोलण्यात तिचा हात धरणारं कॉलेजात कुणी नाही. तिने माझी वाक्यं एकही न चुकता, धबधब्यासारखी म्हटली. संध्याकाळी आम्ही लॅपटॉपवर बघितलं. पाच जणांपैकी कुणी हसलं नाही. बाई नुसती कटकटी वाटत होती. आपण मुलीच्या जागी असतो तर सीट बदलली असती, असं बांगडीवालीचं काम करणारी मुलगीच म्हणाली. दिग्दर्शकाचं मत पडलं, की वाक्यं कमी पडताहेत, अजून लिही.

वाक्यं कमी नव्हती, हे मला कळत होतं. काय कमी आहे ते कळत नव्हतं.

ते मला दुकानात कळलं. तीन दिवसांनी एक लग्न ठरलेली मुलगी आईबरोबर चुडा भरायला आली होती. पंजा रुंद, हाडं मोठी, आणि आईला मापाच्या वर एक सूतही बांगडी सैल नको होती. मुलगी आधीच हात आखडून बसली होती. आत्याने तिचा पंजा आपल्या डाव्या हातात घेतला, अंगठ्याचं मूळ आत दाबलं, बांगडी चार बोटांवरून आणून हाडापाशी ठेवली, आणि विचारलं, "नवरा घोरतो का गं?"

मुलगी लाजून, चिडून म्हणाली, मला काय माहीत. ती "मला" म्हणाली आणि बांगडी हाडावरून उतरून मनगटावर गेली होती.

पुढच्या बांगडीला आत्याने विचारलं, सासूबाईंचं डोकं काळं आहे की रंगवलेलं. तिसऱ्या बांगडीला आणखी काहीतरी. मी लहानपणापासून हे प्रश्न ऐकत आले होते आणि मला वाटायचं, आत्याला लोकांच्या घरात डोकवायची खोड आहे. खोड आहेच. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा प्रश्नाची वेळ बघितली. प्रश्न नेमका तेव्हा यायचा, जेव्हा बांगडी सगळ्यात अवघड जागी असायची. उत्तर द्यायला माणसाचं लक्ष हातावरून उडतं आणि हात सैल पडतो. उत्तर काय येतं याच्याशी आत्याला काही देणंघेणं नसतं.

तिथे बसल्या बसल्या मला माझा कॉलेजचा पहिला दिवस आठवला. बस कॉलेजच्या थांब्यापाशी आली होती आणि माझे पाय हलत नव्हते. मी आत्याला म्हणणार होते, की आज नको, उद्या येऊ. तेवढ्यात ती मोठ्यांदा म्हणाली, "तू निघताना गॅस बंद केला नाहीस ना?" मी भडकले. गॅस तू बंद केलास, मी स्वयंपाकघरात गेलेसुद्धा नव्हते, असं मी तिला सांगत होते, तावातावाने, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी फुटपाथवर उभी आहे आणि बस निघाली आहे, आणि आत्या खिडकीतून पुढच्या बाईशी बोलते आहे. त्या दिवशी मी दिवसभर तिच्यावर चिडलेली होते. घाबरायला वेळच मिळाला नाही.

मी संहिता पुन्हा लिहिली. वाक्यं वाढवली नाहीत, निम्मी काढून टाकली. फक्त जागा बदलल्या. मुलगी मुलाखतीच्या आठवणीने जिथे जिथे घाबरते, तिथे तिथे बांगडीवाली काहीतरी अगदी फालतू विचारते. बाकी वेळ ती तिचं तिचं काम करते. पुढच्या रविवारी पुन्हा शूटिंग केलं, आणि या वेळी लॅपटॉपसमोर सगळे हसले. बांगडीवाली अजून तितकीच त्रासदायक होती, पण आता ती उठून गेली तर वाईट वाटेल असं वाटत होतं. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर, लिहिणं मला येतं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

एक चूक मात्र मी केली होती. ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

बांगड्या भरून झाल्या की बाई भरणाऱ्याला वाकून नमस्कार करते. आमच्याकडे हे इतकं ठरलेलं आहे की कुणी कुणाला शिकवत नाही. म्हातारी बाई असो, शाळेतली पोर असो, हात भरले की ती वाकते, मगच उठते. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा शेवटी तसंच लिहिलं होतं. दिग्दर्शकाला ते नको होतं. बस थांबते, मुलगी हात सोडवून पळत सुटते आणि बांगड्यांचा खळखळाट करत थेट मुलाखतीच्या खोलीत जाते, हा शेवट त्याला हवा होता. मधे वाकणंबिकणं आलं की वेग जातो, हसू मरतं. मला ते खटकलं होतं. पण त्याला सिनेमातलं कळतं, मला कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि म्हटलं, चालेल. मी बऱ्याचदा चालेल म्हणते.

सिनेमा कॉलेजच्या सभागृहात शुक्रवारी दुपारी दाखवला. शुक्रवार आहे हे माझ्या लक्षात होतं, पण आत्या आपल्या कामाला जाईल आणि मला परतीच्या बसला भेटेल असं मी धरून चालले होते. दिवे मालवल्यावर मागच्या दारातून कन्नडमध्ये तिचा आवाज आला, जरा सरकून घ्या, अक्का. तिचं त्या दिवशीचं घर रद्द झालं होतं. भाचीच्या कॉलेजात कसला कार्यक्रम आहे ते बघावं म्हणून ती आली होती. पिशवी मांडीवर घेऊन ती तिसऱ्या रांगेत बसली.

मी भिंतीला टेकून उभी होते. पडद्यापेक्षा मी तिच्याकडेच बघत होते. पहिल्या मिनिटाला तिला काही कळलं नाही. लिंबू आलं तेव्हा कळलं. ती शेजारच्या बाईला कोपराने ढोसून काहीतरी म्हणाली आणि हसायला लागली. सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता. पिशवी कुणाच्या तरी गळ्यात मारण्याचा प्रसंग आला तेव्हा ती डोळे पुसत होती. माझ्या जिवात जीव आला. मग बांगड्या भरण्याचा प्रसंग आला आणि ती पुढे वाकून बघायला लागली, पोरीचा हात कसा धरलाय ते. मग बस थांबली, मुलीने हात ओढून घेतला आणि ती पळाली. सभागृह हसून कोसळलं. आत्या हसली नाही. ती मागे टेकून बसली. दिवे लागायच्या आत तिची जागा रिकामी होती.

ती बसथांब्यावर सापडली. बस आली, आम्ही चढलो, ती खिडकीशी बसली. समोरच्या सीटवर एक बाई खांद्यावरचं मूल सांभाळत बसली होती, हातात काचेच्या दोनच बांगड्या. आत्याने तिच्याकडे बघितलं नाही. वाहकाने तिकीट दिलं, तिने त्यालाही काही विचारलं नाही. बस निघाली.

मला बोलता येत नाही. वर्गात उभी राहिले तर माझी वाक्यं मधेच तुटतात. पण त्या दिवशी कुणीतरी बोलायला हवं होतं आणि आत्या बोलत नव्हती. मी सुरुवात केली. विचारलं, पाणी हवं का. विचारलं, ऊन लागतंय का, जागा बदलू का. आज कुणाचं घर रद्द झालं, का झालं, लग्न मोडलं का. काकांची आज कारखान्यात पाळी कुठली आहे. भाजी काय करायची. तू चिडलीस का. तू खरंच चिडलीस का. समोरच्या बाईचं मूल माझ्याकडे टक लावून बघायला लागलं. मी थांबले नाही. रायापूर आलं तेव्हा माझ्याकडचं सगळं संपलं होतं, म्हणून मी विचारलं, की सिनेमातल्या पोरीने हात धरला तो बरोबर होता का.

"अंगठा चुकीचा दाबला," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू माझी नक्कल केलीस त्याचा मला राग नाही. अख्खी जुनी हुबळी करते. तुझा बाप करतो."

मी म्हटलं, मग?

"ती पोरगी हात भरून घेऊन तशीच उठून गेली."

मी काहीतरी बोलायला लागले. लोकांना हसू यावं म्हणून, वेग राहावा म्हणून. तिने माझं ऐकून घेतलं. ती कुणाचं पूर्ण ऐकून घेते हेही मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

"हसले की लोक. हसू देत. पण माझ्या हातनं बांगड्या भरून घेऊन आजवर कुणी तसं उठलेलं नाही. डॉक्टरीण बाई उठली नाही, पुढाऱ्याची सून उठली नाही. आमच्या धंद्यात दुसरं काय आहे सांग? दिवसभर लोकांचे हात धरायचे, शिव्या खायच्या, बोटांना काच लागायची. शेवटी समोरची बाई वाकते. तेवढंच." तिने मांडीवरची पिशवी नीट केली. "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांना काय ठाऊक. तू आपल्या घरातली."

मी तिला सांगितलं, की मी लिहिलं होतं, मग काढलं. काढू दिलं. ती म्हणाली, म्हणजे तुला माहीत होतं. हो म्हणण्यावाचून काही उरलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी दुसऱ्या एका कॉलेजात स्पर्धा होती. आमचा सिनेमा तिथे जायचा होता, फाइल मंगळवारपर्यंत द्यायची होती. घरी पोचल्यावर मी दिग्दर्शकाला फोन लावला आणि सांगितलं, शेवट पुन्हा शूट करायचा. तो आधी हसला. मग म्हणाला, वेडी आहेस का, शेवटावरच तर हशा आला. मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, संकलन झालंय, आवाज बसवलाय, तू तेव्हा चालेल म्हणाली होतीस.

"तेव्हा चुकलं माझं. आता नाही चालणार."

तो बराच वेळ समजावत राहिला. त्याचं काही चूक नव्हतं. नमस्कार हा प्रेक्षकांना निरोपासारखा वाटेल, विनोद तिथेच मरतो, हे त्याचं म्हणणं मला पटत होतं. पण मी हटले नाही. शेवटी मी म्हटलं, की जुनाच शेवट ठेवायचा असेल तर लेखक म्हणून माझं नाव काढ. वाक्य पूर्ण झालं. तो म्हणाला, रविवारी सकाळी ये, आणि हसू मेलं तर तुझी जबाबदारी.

आत्याला मी येतेस का म्हणून विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. पण रविवारी सकाळी ती दारात उभी होती, पिशवीत दोन डझन हिरव्या बांगड्या, आणि डब्यात सगळ्यांना पुरतील एवढ्या चटणी-भाकऱ्या. बसमध्ये ती कमीच बोलली. कॉलेजच्या मैदानात उभी केलेली बस आणि फांद्या घेतलेले दोघे बघून मात्र तिला राहवलं नाही. तिने त्यांना विचारलं, की झाडं पळवायला कॉलेजात शिकवतात का.

बांगडीवालीचं काम करणाऱ्या मुलीला तिने पुढ्यात बसवलं आणि आधी अंगठा दाबायला शिकवलं. मग प्रसंग करून बघायला सांगितला. बस थांबली, मुलगी उठली, मग थबकून वाकली, आणि बांगडीवाली तोंडाने आशीर्वाद देत सुटली, सुखी राहा, नोकरी लागू दे, चांगला नवरा मिळू दे. दिग्दर्शकाने माझ्याकडे बघितलं. त्याचं खरं होतं. गाडी रुळावरून घसरली होती. हसू तर नव्हतंच, आणि दुसरंही काही नव्हतं.

"असं नाही," आत्या म्हणाली. "इथं बोलायचं नसतं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती त्या मुलीच्या जागी बसली, मुलाखतीला निघालेल्या मुलीचा हात हातात घेतला, शेवटची बांगडी चढवली. बस थांबल्याचा इशारा झाला. मुलगी उठायला लागली. आत्याने हात सोडला नाही. काही बोलली नाही, ओढलंही नाही. नुसती धरून बसून राहिली आणि वर बघत राहिली. इतका वेळ सतत चाललेला आवाज एकदम थांबला. मुलीने घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं, हाताकडे बघितलं. मग तिला कळलं आणि ती वाकली. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाही ती गप्पच होती. मग हात काढून घेतला आणि त्याच क्षणी कन्नडमध्ये विचारलं, "तुझ्या साहेबांना टक्कल आहे का गं?"

मुलगी संहितेत नसलेलं काहीतरी रागाने बोलत खाली उतरली. उतरून तिला स्वतःलाच हसू आलं. बाहेर फांदीवाले हसत होते. दिग्दर्शक हसत नव्हता. तो कॅमेरा चालू होता का ते बघत होता.

लहानपणापासून मी ते दुकान बघते आहे. आत्या कुठे बोलते ते मला शोधायला वेळ लागला, पण लागला तो छडा एकदाचा. ती कुठे बोलत नाही, हे मात्र मी कधी ऐकलंच नव्हतं. आत्याने स्वतः काम करावं असं दिग्दर्शकाने दोनदा सुचवलं. तिने साफ नकार दिला. माझं तोंड दुकानात बघायला फुकट मिळतं, म्हणाली. तिने त्या मुलीकडून तो प्रसंग सहा वेळा करून घेतला. सहाव्या वेळी मुलीला गप्प बसणं जमलं.

बुधवारी स्पर्धेला आत्या आली नाही. लग्नसराई होती, रायापूरला एका घरी अकरा बायकांचे हात भरायचे होते. सभागृह मोठं होतं आणि आमचा सिनेमा जेवणानंतर होता, लोक पेंगत होते. पण लिंबापासून हसायला लागले. शेवट जवळ आला तेव्हा मी खुर्चीच्या कडेला बसले होते. दिग्दर्शक माझ्या शेजारी होता, त्याने तोंडावर हात धरला होता.

नंतर परीक्षकांनी लेखकाला वर बोलावलं. माइक माझ्या हातात आला. ही बाई कशी सुचली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सुचली नाही, ती माझी आत्या आहे, जुन्या हुबळीत बांगड्या भरते आणि मंगळवार-शुक्रवार माझ्या शेजारी बसते. शेवट माझा नाही, तिचा आहे, मी तो आधी चुकवला होता. एवढं सगळं मी कन्नडमध्ये, एका दमात बोलले, आणि एकही वाक्य तुटलं नाही.

जिन्यात येऊन मी आत्याला फोन लावला. मागे बायकांचा गलका होता. आम्हाला काही मिळालं का, हे तिने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:

"वाकली तेव्हा लोक हसले?"

"नाही. तेव्हा कुणीच हसलं नाही. एकदम शांत झालं सगळं. ते टक्कल आलं मग हसले, आधीपेक्षा जास्त."

"मग झालं," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवला. तिच्या हातात कुणाचा तरी हात होता.